चिंधी बांधलेला दुधी

हिंगोलीच्या भोवतालच्या शेतांत हळद शिजायला लागली की गावात कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधीच वास नाकाला लागतो. ओल्या मातीचा, थोडा आल्याचा, थोडा दवाखान्याचा, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, वाफाळलेलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. या दिवसांत शेतातून थेट आलेली माणसं फ्रेम उचलतात, आरशात तोंड इकडून तिकडून बघतात, "जास्तच मास्तर दिसून राहिलो न्हाई का?" असं मलाच विचारतात आणि फ्रेम जागेवर ठेवून निघून जातात. मागे काचांवर पिवळी बोटं राहतात. मी दिवसभर ती पुसत बसतो. संध्याकाळपर्यंत माझं फडकं हळद लागलेल्या नवरदेवाच्या टॉवेलासारखं होतं.

आणि मग मला नजमा आपांचा स्लॅब आठवतो.

गच्ची हा शब्द आमच्या कॉलनीत फक्त लग्नपत्रिकेत सापडतो. बोलताना स्लॅबच. आमचं घर आणि आपांचं घर पाठीला पाठ लावून उभं, मध्ये गुडघ्याएवढा कठडा. आपा उर्दू शाळेत बाई होत्या. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण शिकवायची सवय काही सुटली नाही, आणि समोर वर्ग नाही म्हणून त्यांनी तो स्लॅबवर भरवला. कॉलनीतल्या लोकांनी टाकून दिलेलं सगळं तिथं जाऊन बसलेलं असायचं. फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, कूलरचा गंजलेला टब, सिमेंटची पोती. जे आमच्या घरात कामाचं राहिलं नव्हतं त्यातून तिथं मेथी उगवायची, वांगी लागायची.

मी पहिल्यांदा वर गेलो तो भांडायला. आपांनी झाडांना घातलेलं पाणी भिंतीवरून झिरपत आमच्या स्वयंपाकघरात उतरत होतं. मी जिना चढताना वाक्यं पाठ करत होतो. "आपा, शेजारधर्म म्हणून काही असतं" हे पहिलं वाक्य. ते अर्धं झालं तेवढ्यात आपा म्हणाल्या, "भाऊ, जरा हे धरा बरं." मी धरलं. कारल्याच्या मांडवाची काठी होती. अंधार पडेपर्यंत मी ती धरून उभा होतो. खाली आलो तेव्हा माझ्या हातात आंबटचुक्याची जुडी होती आणि तक्रार वरच राहिली होती. सुशीलेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, जुडीकडे पाहिलं, ओल्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं भांडून आले."

पुढे दर रविवारी संध्याकाळी आमचा वर्ग भरू लागला. मी, सुशीला, गंगाधरराव आणि कॉलनीतले आणखी चार-दोन जण. गंगाधररावांनी सगळी नोकरी बस चालवण्यात घालवलेली, त्यामुळे ते खताच्या ढिगालाही इंजिनासारखं वागवायचे. हात आत घालून म्हणायचे, "गरम झालंय. जरा हवा द्या याला." पालापाचोळा, भाज्यांची देठं, चहाचा चोथा, यांचे थरावर थर रचायची विद्या आम्हाला त्यांनी दिली. सुशीलेनं आंबट ताक फवारायला शिकवलं. ते तिला तिच्या आईकडून आलेलं. शिकवायला सगळ्यांकडे काहीतरी होतं, माझ्याकडेच काही नव्हतं. मग एका रविवारी मी दुकानातलं मोठं भिंग वर नेलं. वांग्याच्या पानामागे नुसती धूळ दिसत होती. भिंगाखाली ती धूळ चालायला लागली. लाल कोळी! आपांनी भिंग कितीतरी वेळ सोडलं नाही. "या अल्ला," त्या म्हणाल्या, "इतकी वस्ती, अन् आमाला पत्ताच न्हाई!" त्या दिवसापासून मी वर्गात बरोबरीचा झालो. निदान मला तसं वाटत होतं.

गंगाधररावांनी पोत्यात हळदही लावली होती. शेतकरी मोठ्या कढईत शिजवतात, आपण कुकरात शिजवू, ही कल्पना माझी. कुकर आमचा. हळद छान शिजली. मात्र त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या ताटात पिवळा भात पडत होता आणि जेवायला बसलं की कुणाच्या तरी डोक्यावर अक्षता टाकायला बसल्यासारखं वाटायचं. सुशीला अजूनही तो कुकर माझ्याच अंगावर घालायला ठेवल्यासारखा ओट्याच्या कडेला ठेवते.

तर, त्या साली संक्रांतीनंतर आपांनी मला दुधीचं बी दिलं.

हा दुधी बाजारातल्यासारखा लांबलचक नव्हे. आखूड मानेचा, खाली गोल पोटाचा, बसलेल्या बदकासारखा. कळमनुरीजवळचं त्यांचं माहेर, तिथून त्या तो लग्नात घेऊन आलेल्या. सोन्याआधी बी बांधलं होतं म्हणे त्यांच्या अम्मीनं. त्या माहेरचा एक रिवाज त्यांनी आमच्या स्लॅबवरही लावला होता. बी दिलं तर कुणी आभार मानायचे नाहीत. मात्र त्या बियाचं पहिलं फळ ज्या घरून बी आलं त्या घरी जायला पाहिजे. नंतरची फळं खा, वाटा, काहीही करा. पहिलं परत.

"पहिलं फळ तुमच्या हातात ठेवतो बघा, आपा," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"ठेवा, ठेवा," आपा म्हणाल्या. "आधी उगवू तर द्या."

उगवला. मांडवावर चढला. फाल्गुनात, म्हणजे याच हळदीच्या वासात, पांढरी फुलं आली. दुधीचं फूल हे मोठं शांत प्रकरण आहे. दिवसभर मिटलेलं असतं आणि संध्याकाळी, ऊन उतरलं की, इस्त्री केलेला रुमाल झटकावा तसं उघडतं. मी कुठंतरी ऐकलं होतं की शहरात मधमाश्या कमी, त्यामुळे परागकण आपणच एका फुलावरून दुसऱ्यावर न्यावे लागतात. चष्म्याच्या काचा झटकायचा माझा मऊ ब्रश होताच. मी रोज सकाळी अंघोळ करून, चांगला सदरा घालून वर जायचो आणि भटजीच्या तोंडावर असते तशी मुद्रा करून या फुलावरून त्या फुलावर ब्रश फिरवायचो. रोज. फळाचा पत्ता नाही. फुलं मात्र गळून मांडवाखाली सडा.

रविवारच्या वर्गात मी ही अडचण मांडली. आपा वेलाजवळ गेल्या. फुलं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग सुशीलेकडे. पुरुषांसमोर कसं सांगावं असा त्यांना पेच पडला असावा. शेवटी त्यांनी ओढणी सारखी केली आणि शाळेतल्या आवाजात सुरुवात केली.

"भाऊ, हे फूल पहा. लांब देठ, मागं काई न्हाई. हे सडं फूल. आता हे माझ्या वेलावरचं. याच्या पाठीला बारकुसा दुधी हाय का? दिसते? हे लेकुरवाळं. सड्याचं घेऊन लेकुरवाळ्याला लावायचं असते. तुमच्या वेलावर तर आजपर्यंत सगळेच सडे हायत. तुमी रोज कोणाचं कोणाला लावून राहिले?"

गंगाधररावांना खोकल्याची उबळ आली. ते कठड्याकडे तोंड करून बराच वेळ खोकले.

"अन् सकाळी काहून?" आपांनी पुढचा प्रश्न टाकला. "सकाळी ते झोपायला निघालेले असतात."

"मी म्हटलं, स्नान करून..." मी म्हणालो.

"स्नान!" सुशीला म्हणाली. "अवो, आपल्या लग्नाच्या दिवशी सुदिक इतक्या सकाळी उठले नव्हते तुमी."

पोटभर हसले सगळे. मीही हसलो, माणूस आपल्यावर हसणाऱ्यांत सामील झाला की थोडा वाचतो. पण त्या संध्याकाळी आपांनी स्वतःच्या वेलावरचं सडं फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि ते माझ्या चिमटीत दिलं. "लावा. हळू. दाबू नका. कानात अत्तराचा फाया ठेवतात तसं." मी त्यांच्या वेलावरच्या लेकुरवाळ्या फुलाला ते टेकवलं. वारा पडलेला होता. खालच्या गल्लीतून कुणीतरी दुधाची किटली वाजवत गेलं. लांबून हळदीची वाफ येत होती. काही घडलं नाही, आणि तरी काहीतरी घडलं असं वाटलं. शिकण्याचे असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत, शाळेत तर अजिबात येत नाहीत. आता मी मोबाइलवर कितीतरी व्हिडिओ बघतो. त्यात फूल जवळून दिसतं, माहिती चोख असते. पण मी चुकतोय हे त्या माणसाला दिसत नाही, त्यामुळे तो बिचारा हसू शकत नाही.

माझ्या वेलाला लेकुरवाळी फुलं आली तोवर ऊन तापलं आणि वेल गेला. आपांचं पहिलं फळ राहून गेलं.

याहून मोठा पराक्रम त्याच हंगामात माझ्या हातून झाला. आपा भाचीच्या लग्नाला कळमनुरीला निघाल्या होत्या. जाताना कठड्यावरून म्हणाल्या, "भाऊ, पाणी घाला, अन् एखादा दुधी तुमच्यासाठी तोडून घ्या." मी गेलो. मांडवात बरेच दुधी होते, पण एक सर्वांत देखणा, भरल्या पोटाचा, आणि त्याच्या मानेला लाल चिंधी बांधलेली. माझं मन भरून आलं. मला वाटलं, आपांनी माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय, वरून रिबिन बांधून! असा शेजार कुणाला मिळतो? मी चिंधीसकट तोडला.

सुशीलेची सुरी त्यात शिरली ती बाहेरच येईना. मी ओढली तर दुधीच सुरीसकट वर आला. "दुधी हाय का नारळ?" ती म्हणाली. तेवढ्यात गंगाधरराव ताक मागायला आले. त्यांनी ओट्यावरची लाल चिंधी पाहिली आणि भर बाजारात ब्रेक निकामी झाल्यासारखं तोंड केलं.

"हे तोडलं तुमी?"

"आपांनीच सांगितलं होतं."

"अवो, चिंधी बियाला सोडल्याची असते! याला कोणी हात लावू नये म्हणून बांधतात!"

फळ अर्धवट जून झालं होतं. भाजीला टणक, बियाला कच्चं. आतलं बी नखासारखं पातळ, मऊ, पांढरं. आपा परत आल्या तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "डब्यात थोडं जुनं बी हाय. तकलीफ न्हाई." आणि आत जाताना ओठांत हसत म्हणाल्या, "रिबिन!"

मग साल दर साल रविवार आले आणि गेले. आपा दरवर्षी दुधी लावायच्या, मलाही बी द्यायच्या, आणि मीही लावायचो. पण त्यांच्या मांडवाखाली बसून त्यांचाच दुधी खायचा असेल तर स्वतःच्या वेलाची चिंता कोण करतो? पहिलं फळ कधी देता, असं त्या विचारायच्या आणि मी पुढच्या हंगामावर टाकायचो. पुढचा हंगाम असतोच, अशी माझी समजूत होती.

आपांचे गुडघे गेले. जिना चढणं बंद झालं. संभाजीनगरला असलेला मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, बिल्डिंगला लिफ्ट आहे, सून गोड आहे. तक्रार करायला जागा नाही, आणि हीच त्यातली अडचण. निघायच्या आधी त्यांनी मला खाली अंगणात बोलावलं. कागदाच्या पुडीत बी होतं. "शेवटचं हाय," त्या म्हणाल्या. "तिकडं खिडकीला जाळी हाय, वेल कुठं चढवू? तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. अन् पहिलं फळ..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. गाडी सुरू झाली होती. मी पुडी खिशात ठेवली आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यावर हात धरून उभा राहिलो, जणू ते बी उडून जाणार होतं.

आता त्यांच्या घरात भाडेकरू आहेत. स्लॅबवर सोलरची पॅनेलं आणि काळी टाकी. पॅनेलं दिवसभर उन्हाकडे तोंड करून बसतात; आमच्या वेलांनाही तेच ऊन लागायचं, पण संध्याकाळी त्यांची फुलं उघडायची तरी. गंगाधरराव बहुतेक दिवस लेकीकडे सेनगावला असतात. वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर ते रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतात, तेही दुसऱ्याच्या बागेतलं.

गेल्या पावसाळ्यात मी ते शेवटचं बी लावलं. सगळं लावलं. ठेवून ठेवून मरून जाईल अशी धास्ती वाटली. त्यातलं काही उगवलं, उगवलेल्यातलं बरंचसं पावसानं कुजलं, आणि एकच वेल वर चढला. त्याला लेकुरवाळी फुलं आली तेव्हा नेमका झडीचा पाऊस. परागकण धुऊन जायचे. मग मी संध्याकाळी एका हातात सडं फूल आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभा राहायचो. छत्री फुलावर, मी पावसात.

"अवो, लोक बघून राहिले," सुशीला जिन्यातून ओरडायची.

"बघू दे."

"मंग निदान दुसरी छत्री न्या तुमच्यासाठी!"

एक फळ धरलं. एकच. बसलेल्या बदकासारखं, मान तिरपी. दसऱ्याच्या सुमारास ते तोडायच्या बेताला आलं. नखानं दाबलं तर खूण उमटेल इतकं कोवळं. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं: पिशवीत घालायचं, संभाजीनगरची बस धरायची, लिफ्टनं वर जायचं आणि आपांच्या हातात ठेवायचं. इतक्या वर्षांनी पहिलं फळ. त्यांचा चेहरा कसा होईल तेही मी पाहून ठेवलं होतं.

सुशीला मांडवाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "हे नेऊन दिलं तर बी कशाचं धरता? पुढच्या साली काय लावता मांडवावर? चष्मे?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. मी ते डोक्यातच दाबून ठेवलं होतं. कोवळं तोडावं तर रिवाज पाळला जातो आणि दुधी संपतो. वेलावर सुकू द्यावं तर दुधी टिकतो आणि पहिलं फळ पुन्हा राहतं. आपांचं वय बघता पुन्हा राहणं हे आता पूर्वीसारखं सोपं नव्हतं. सकाळी मी फोन लावला. खरं सांगायचं तर त्यांनी "घेऊन या" म्हणावं म्हणूनच लावला होता.

"एकच हाय का, भाऊ?" आपांनी विचारलं.

"एकच."

पलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "मंग चिंधी बांधा."

"पण आपा, पहिलं फळ तुमच्या घरचं आहे."

"तेच म्हणते ना मी! माझ्या घरचं हाय, तर माझं ऐका. बांधा चिंधी." आणि वर, "कोणाला तोडू देऊ नका. कोणी रिबिन समजून घेऊन जाईल."

लाल चिंधी घरात सापडेना. मी दुकानातल्या त्या पिवळ्या फडक्याची पट्टी फाडली आणि दुधीच्या मानेला बांधली. तो दिवाळीत हिरवा होता, थंडीत फिक्कट झाला, मग तपकिरी. वेल केव्हाच वाळून गेला, दुधी तेवढा तारेवर लटकून राहिला. उन्हानं चिंधीतली हळद उडून गेली. आता ती साधी पांढरी पट्टी आहे.

आणि या आठवड्यात पुन्हा तो वास आला. मी रविवारी संध्याकाळी फोन घेऊन वर गेलो. दुधी तारेवरून उतरवला. हातात घेतला तर काही वजनच नाही, वाळलेल्या पानाएवढं.

"आपा, वाळला वाटतं."

"वाटतं म्हणजे? हालवून पहा. फोन जवळ धरा."

मी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला आणि दुधी त्याच्याजवळ नेऊन हलवला. खळखळखळ. आत बी बी स्वच्छ वाजलं.

"आणखी एकदा," आपा म्हणाल्या.

मी पुन्हा हलवला. या खेपेला जरा जास्त वेळ.

"हळद शिजून राहिली का तिकडं?"

"शिजून राहिली. वास इथपर्यंत आहे."

"हां." मग एकदम शाळेतल्या आवाजात: "अजून ओला हाय, भाऊ. आवाज जड हाय. घाई करू नका. लटकवून ठेवा अन् उद्या पुन्हा ऐकवा."

"उद्या याच वेळी?"

"याच वेळी. फुलं उघडायच्या टायमाला."

मी फोन ठेवला. मागे सुशीला वाळलेले कपडे काढायला आली होती. तिनं माझ्या हातातून दुधी घेतला, कानाजवळ नेऊन एकदाच हलवला.

"कवाच वाळलाय की हा," ती म्हणाली. "फोडून बी काढा."

"आपा म्हणतात, ओला आहे अजून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या स्लॅबवरच्या काळ्या टाकीकडे पाहिलं. मग तिनं दुधी पुन्हा तारेला अडकवला, त्याच्या मानेची सैल झालेली पांढरी पट्टी नीट घट्ट बांधली, आणि कपड्यांचा ढीग उचलत म्हणाली,

"मंग असंल ओला."